हॉलमधला टर्नटेबल, वडिलांच्या रेकॉर्डी आणि कोणतं कार्ट्रिज

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे पुढे गल्लत नको. घरात ऑडिओ-टेक्निकाचा एलपी१२०एक्स टर्नटेबल आहे, तीन वर्षं वापरात. त्यावर सोबत आलेलं व्हीएम९५ई कार्ट्रिज (सुईचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग) आणि तीच पहिली सुई. जागा हॉलमध्ये, टीव्हीशेजारच्या बुटक्या कपाटावर. स्पीकरही त्याच कपाटावर. वडिलांच्या दीडएकशे रेकॉर्डी आहेत: बऱ्याचशा ख्यालाच्या एलपी, बाकी नाट्यगीतं-भावगीतांच्या सात इंची ईपी, आणि एका पेटीत लाखेच्या ७८ आरपीएमच्या जुन्या तबकड्या. मुलगी अधूनमधून नवीन एलपी विकत घेते. वाजवणारे तिघे: वडील, तुम्ही आणि दहा वर्षांचा मुलगा. तक्रार अशी की एलपीच्या शेवटच्या चार-पाच मिनिटांत आवाज फाटतो. ओळखीच्या एका गृहस्थांनी सांगितलंय की खरा आवाज हवा असेल तर एमसी, म्हणजे मूव्हिंग कॉइल, कार्ट्रिज घ्या. तुमची वीस हजारांपर्यंत खर्चाची तयारी आहे आणि काय घ्यावं हे विचारताय.

कार्ट्रिज आहे तेच ठेवा, सुई बदला. व्हीएम९५ मालिकेतली मायक्रोलिनियर (अतिबारीक टोकाची) सुई, म्हणजे व्हीएमएन९५एमएल, तुमच्या आहे त्याच बॉडीवर बसते. तिच्यासोबत नेहमीची एलिप्टिकल (लंबगोल टोकाची, तुमची आत्ताची ‘ई’) सुई एक नवी आणा आणि पेटीतल्या तबकड्या खरोखरच वाजवणार असाल तर त्याच मालिकेतली ७८ ची सुई. एमसीच्या वाटेला या घरात जाऊ नका. असं का म्हणतो ते आता सविस्तर लिहितो, कारण उद्या दुकानात कोणी वेगळं सांगितलं तर तुम्हाला स्वतःला पारख करता आली पाहिजे.

मी बरीच वर्षं टर्नटेबल दुरुस्त करतो आणि कार्ट्रिज बसवून देतो. माणसं विचारतात तेव्हा नाव विचारतात: ऑर्टोफोन घेऊ की नागाओका, एमएम घेऊ की एमसी. माझ्या मते पहिला प्रश्न हिऱ्याचं टोक कसं घासलंय हा असला पाहिजे. खाचेला स्पर्श फक्त तेवढाच भाग करतो. त्याच्या मागे चुंबक हलतो (एमएम) की तारेचं वेटोळं हलतं (एमसी), याचा आवाजाच्या पोतावर परिणाम होतो हे खरं, पण खाचेतून जे वाचलंच गेलं नाही ते मागचं कुठलंही यंत्र परत आणू शकत नाही.

तुमच्या तक्रारीचं मूळ भूमितीत आहे. एलपी मिनिटाला तेहेतीस आणि एक तृतीयांश फेरे घेते, कडेला असो की लेबलाजवळ. पण कडेला खाचेची त्रिज्या सुमारे १४६ मिलिमीटर असते आणि शेवटी ती साठच्या आसपास येते. म्हणजे सुरुवातीला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच सरकते, शेवटी जेमतेम २१. तेवढ्याच सेकंदाचं संगीत निम्म्याहून कमी लांबीत कोंबलेलं असतं. दहा हजार हर्ट्झचा एक स्वरकंप कडेला ५१ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लांबीत कोरलेला असतो, लेबलाजवळ २१ मायक्रॉनमध्ये. आता सुईची टोकं बघा. साध्या गोल, म्हणजे कॉनिकल सुईच्या टोकाची त्रिज्या १५ ते १८ मायक्रॉन असते. एवढं जाड टोक २१ मायक्रॉनच्या वळणात उतरूच शकत नाही; जाड बोरूने बारीक अक्षर गिरवावं तशी त्याची गत होते. एलिप्टिकल सुई खाचेच्या भिंतीला जिथे टेकते तिथली तिची त्रिज्या साधारण ८ मायक्रॉन असते. मायक्रोलिनियरची ३ मायक्रॉन.

आपल्या संगीताच्या बाबतीत हा मुद्दा इतरांपेक्षा जास्त लागू होतो, आणि इंग्रजी मासिकांतले कार्ट्रिज-परीक्षणाचे लेख वाचून तो लक्षात येत नाही. ख्यालाच्या एलपीची बांधणी आठवा. एका बाजूला वीस-बावीस मिनिटांचा एक राग. आलापी आणि विलंबित बडा ख्याल सगळा बाहेरच्या ऐसपैस खाचांत. लय वाढत जाते, आवाज चढत जातो, तबला मोकळा सुटतो आणि द्रुत बंदिश, तराणा, सट्टेदार ताना हे सगळं येतं ते नेमकं लेबलाजवळच्या अरुंद जागेत. सगळ्यात अवघड वाचन सगळ्यात कमी जागेत. भीमसेन जोशी, किशोरी आमोणकर, कुमार गंधर्व यांच्या एलपी ऐकताना आवाज तारसप्तकात गेला की तो चिरतो, आणि लोकांना वाटतं रेकॉर्डिंगच जुनं आहे. पुष्कळदा रेकॉर्डिंग छान असतं. सुई त्याला पुरी पडत नसते.

ईपीचंही तसंच. ती पंचेचाळीसच्या गतीने फिरते म्हणून थोडी बरी, पण एका बाजूला दोन गाणी बसवली असली की दुसरं गाणं पार लेबलापर्यंत पोचतं. तिथे गायिकेचा ‘स’ आणि ‘श’ थुंकी उडाल्यासारखा ऐकू येतो. भावगीतात शब्द हेच सगळं असतं. तो ‘श’ स्वच्छ आला पाहिजे.

आता, एक रुपयाही खर्च करण्याआधी तीन गोष्टी तपासा. आवाज फाटण्याचं कारण यातलंच एखादं निघण्याची शक्यता मोठी आहे.

पहिली, सुईचं वय. ऑडिओ-टेक्निका स्वतःच आपल्या सुयांचं आयुष्य सांगते: एलिप्टिकल सुमारे ३०० तास, कॉनिकल ५००, शिबाटा (आणखी एक बारीक टोक) ८००, मायक्रोलिनियर १०००. रोज एक तास वाजवलंत तर एलिप्टिकल दहा महिन्यांत निवृत्त व्हायला हवी. तुमची तीन वर्षं चालू आहे. वडील रोज सकाळी एक एलपी लावतात असं तुम्ही लिहिलंय, तेव्हा त्या सुईने आपली मर्यादा कधीच ओलांडली. झिजलेली सुई नुसता आवाज बिघडवत नाही, तिला दोन्ही बाजूंना सपाट कडा येतात आणि त्या खाचेच्या भिंती खरवडतात. नवी सुई बाजारात मिळेल, ती एलपी मिळणार नाही. म्हणून ही तपासणी होईपर्यंत वडिलांना आवडत्या रेकॉर्डी बाजूला ठेवायला सांगा.

दुसरी, सुईवरचा भार. व्हीएम९५ ई आणि एमएल या दोन्हींसाठी १.८ ते २.२ ग्रॅम हा पल्ला आहे, २.० ग्रॅम प्रमाण. आर्मच्या, म्हणजे सुई धरणाऱ्या दांड्याच्या, मागच्या वजनावरच्या आकड्यांवर विसंबू नका. सुईचा भार मोजायचा छोटा डिजिटल काटा ऑनलाइन थोडक्या पैशांत मिळतो, तो घ्या. बऱ्याच घरांत ‘रेकॉर्ड झिजू नये’ म्हणून भार दीड ग्रॅमवर आणलेला असतो. त्याने उलटं होतं. हलकी सुई जोरकस जागी खाचेची भिंत सोडते आणि पुन्हा तिच्यावर आपटते. थोडा जास्त भार परवडतो, कमी परवडत नाही. तुमच्या हॉलसाठी मी २.० ते २.१ ठेवीन.

तिसरी गोष्ट म्हणजे कार्ट्रिजची बैठक. आर्म एका बिंदूभोवती वळतो, त्यामुळे सुईचा कोन खाचेशी सगळीकडे जुळत नाही. योग्य बसवलं तर तो दोन ठिकाणी तंतोतंत जुळतो. प्रचलित पद्धतीत ती ठिकाणं मध्यापासून ६६ आणि १२०.९ मिलिमीटरवर येतात. या मापाचा प्रोट्रॅक्टर, म्हणजे कोन जुळवायचा रेघांचा तक्ता, छापील मिळतो, स्वतः छापलात तर प्रिंटरचं माप शंभर टक्क्यांवर ठेवा आणि पट्टीने पडताळून घ्या. हेडशेलचे (कार्ट्रिज जिथे बसतं त्या आर्मच्या टोकाचे) दोन स्क्रू जरा सैल करून कार्ट्रिज पुढेमागे सरकवत दोन्ही बिंदूंवर ते रेघांना समांतर आणायचं. अर्धा तास जातो. कारखान्यातून आलेली बैठक बरेचदा जवळपास असते, पण लेबलाजवळच्या खाचांत ‘जवळपास’ पुरत नाही. बारीक टोकाच्या सुईला तर बैठकीतली चूक जास्तच जाणवते, म्हणून एमएल घेणार असाल तर हे काम टाळता येणार नाही.

सुईच्या खर्चाचा हिशोब लोक उलटा करतात. एमएल सुई ई पेक्षा अडीच-तीनपट महाग पडते, म्हणून ती चैन वाटते. पण ती तिप्पटीहून जास्त टिकते. रोजच्या एका तासाने जवळपास पावणेतीन वर्षं. म्हणजे तासाचा खर्च सारखाच, किंवा थोडा कमीच, आणि एवढा सगळा काळ वडील ताना न चिरता ऐकतील. रोज वाजणाऱ्या घरात एमएल हीच काटकसर आहे. महिन्यातून दोनदा वाजणाऱ्या घराला मात्र मी ई वरच थांबा म्हणेन. टर्नटेबलच्या झाकणाखाली एक छोटी वही ठेवा आणि वाजवलेल्या बाजूंची रेघ मारत जा. मुलाला हे काम द्या, मुलं ते फार नेटाने करतात.

आता एमसीबद्दल. मूव्हिंग कॉइल कार्ट्रिज ही सुंदर गोष्ट आहे, माझ्या स्वतःच्या कानाला चांगल्या एमसीचा सूर फार भावतो. पण ती कोणत्या घरात न्यायची हे बघावं लागतं. एमएम कार्ट्रिज ३ ते ५ मिलिव्होल्ट देतं. कमी व्होल्टेजचं एमसी ०.३ ते ०.५ देतं, म्हणजे दहावा हिस्सा. एमएमचा सिग्नल शंभरपट वाढवला की काम होतं, एमसीचा हजारपट वाढवावा लागतो. एलपी१२०एक्सच्या आतला फोनो प्रीअ‍ॅम्प (सुईकडून येणारा क्षीण सिग्नल वाढवणारा भाग) फक्त एमएमसाठी आहे, तेव्हा वेगळा प्रीअ‍ॅम्प आला. शिवाय हजारपट वाढवताना सोबतची घरघरही वाढते. आपल्याकडे अर्थिंग कसं असतं ते तुम्ही जाणता: जुन्या इमारतीत प्लगच्या तिसऱ्या भोकात तार असतेच असं नाही. शेजारी टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, राउटर, त्यांचे अ‍ॅडॅप्टर. ख्याल सुरू होण्याआधी तानपुऱ्यासोबत पन्नास हर्ट्झचा तिसरा षड्ज ऐकू आला तर वडील दुसऱ्या दिवसापासून टर्नटेबल लावणार नाहीत.

याहून मोठं कारण म्हणजे बहुतेक एमसीची सुई घरी बदलता येत नाही. ती वाकली की अख्खं कार्ट्रिज गेलं, किंवा दुरुस्तीला पाठवून महिने थांबा. तुमच्या घरात दहा वर्षांचा मुलगा आहे आणि रोज सकाळी फडकं मारणाऱ्या मावशी आहेत. माझ्याकडे येणाऱ्या मोडलेल्या सुयांत मुलांचा वाटा लोकांना वाटतो तेवढा नसतो. धूळ पुसायच्या फडक्याचा धागा सुईच्या दांडीत अडकून ती उपटली जाते, हेच जास्त दिसतं. मावशींना टर्नटेबल पुसायचा नाही एवढं प्रेमाने सांगा आणि झाकण बंद ठेवा. तरीही कधीतरी सुई मोडेलच. मोडली की नवी ओढून लावता आली पाहिजे, तीही त्याच संध्याकाळी.

एमसी म्हटलं की आपोआप बारीक टोक असतं, हाही समज बरोबर नाही. डेनॉनचं डीएल-१०३ हे सगळ्यात नावाजलेल्या एमसींपैकी एक, जपानच्या एनएचके या सार्वजनिक प्रसारण संस्थेसाठी १९६० च्या दशकात घडवलेलं आणि अजून बनतं. त्याचं टोक साधं गोल आहे. ते मोठ्या मायेने वाजतं, पण तुमची लेबलाजवळची तक्रार त्याने सुटणार नाही. त्या गृहस्थांच्या घरी त्यांचं एमसी छान वाजत असेल यात मला शंका नाही. त्यांची जागा, त्यांचा प्रीअ‍ॅम्प आणि त्यांची माणसं वेगळी आहेत.

व्हीएम९५ची बॉडी ठेवा म्हणण्यामागे आणखी एक सोय आहे, आणि माझ्या दृष्टीने तीच कुटुंबासाठी निर्णायक ठरते. या मालिकेच्या सगळ्या सुया एकाच बॉडीवर बसतात. ई ची सुई हिरव्या रंगाची असते, एमएलची लाल. दोन्हींचा भार तोच २ ग्रॅम, त्यामुळे अदलाबदल करताना आर्मचं वजन पुन्हा जुळवत बसावं लागत नाही. घरात साधा नियम करता येतो: हिरवी सुई मुलांची आणि नव्यानेच घरात आलेल्या, न धुतलेल्या रेकॉर्डींची, लाल सुई आजोबांची. हात थरथरत असतील तर वडिलांना सुई हाताने ठेवायला लावू नका, आर्मशेजारची उचलदांडी वापरायची सवय करा. सुई बदलायचं काम मात्र घरात एकाच माणसाने करावं, चांगल्या उजेडात, प्लास्टिकचा भाग दोन्ही बाजूंनी धरून. दांडीला बोट लागता कामा नये.

एमएलचं आउटपुट ई पेक्षा किंचित कमी, ४ ऐवजी ३.५ मिलिव्होल्ट आहे. आवाजाचं बटण थोडं पुढे जाईल, काळजी करू नका.

वडिलांच्या एलपींबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण सुईची निवड त्यांच्या अवस्थेवरही अवलंबून असते. साठ-सत्तरच्या दशकांत घरोघरी जे रेडिओग्राम आणि सुटकेससारखे प्लेअर होते, त्यांत सिरॅमिक किंवा क्रिस्टल कार्ट्रिज असायचं. त्याचा भार चार-पाच ग्रॅम, कधी त्याहून जास्त, आणि सुई पुष्कळदा नीलमण्याची. ती लवकर झिजायची आणि तशीच वर्षानुवर्षं चालवली जायची. त्यामुळे आपल्याकडच्या जुन्या रेकॉर्डींच्या खाचा ठरावीक उंचीवर झिजलेल्या असतात. मायक्रोलिनियर सुईचा स्पर्श उभ्या लांब रेषेसारखा असतो. ती जुन्या गोल सुईने न शिवलेल्या भागालाही टेकते, आणि कधीकधी ‘संपली’ म्हणून टाकून दिलेली एलपी तिच्याखाली पुन्हा बोलू लागते. प्रत्येक वेळी असं होत नाही. खूपच झिजलेल्या रेकॉर्डीवर ती झीजसुद्धा बारकाईने वाचते, आणि तिथे एखादी गोल सुईच कानाला बरी वाटते. म्हणून एमएल लावल्यावर एखादी एलपी आधीपेक्षा वाईट वाजली तर सुईला दोष देऊ नका. तीच एलपी हिरव्या सुईने वाजवून बघा आणि कान ठरवेल ते खरं.

एचएमव्हीच्या शास्त्रीय एलपींवर लेबलाचा क्रमांक बघा. ईएएलपीने सुरू होत असेल तर मोनो, ईएएसडीने असेल तर स्टिरिओ. मोनो एलपीतलं संगीत फक्त आडव्या हालचालीत असतं. उभ्या हालचालीतून जे येतं ती धूळ, चरे आणि झीज. अ‍ॅम्प्लिफायरवर ‘मोनो’ असं बटण असेल तर या रेकॉर्डींना ते दाबा. दोन्ही बाजू एकत्र झाल्या की उभी खरखर आपोआप कटते, आणि फरक पहिल्याच मिनिटात कळतो. या बटणासाठी मी लोकांना जुना अ‍ॅम्प्लिफायर जपून ठेवायला सांगतो. वेगळं मोनो कार्ट्रिजही मिळतं, पण तुमच्या संग्रहासाठी तेवढ्या खोलात जायची गरज नाही.

आणि रेकॉर्डी धुवा. बारीक सुई खाचेच्या तळाजवळ जाते, तिथे पन्नास वर्षांची धूळ आणि आपल्या पावसाळ्याची बुरशी बसलेली असते. न धुतलेल्या रेकॉर्डीवर एमएल चालवणं म्हणजे तिचं आयुष्य मुद्दाम कमी करणं. डिस्टिल्ड वॉटर, रेकॉर्ड धुण्याचं द्रावण, मऊ ब्रश, लेबलाला पाणी लागू न देता खाचेच्या दिशेने गोल फिरवत, मग पुन्हा नुसतं डिस्टिल्ड वॉटर आणि सावलीत उभ्या वाळवणं. जुन्या कागदी आतल्या पिशव्या बुरशीसकट टाकून द्या, बाहेरची कव्हरं अर्थातच जपा. लाखेच्या तबकड्यांना अल्कोहोल असलेलं कुठलंही द्रावण कधीही लावू नका. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते.

त्या तबकड्यांकडे आता वळू. एलपीची सुई ७८ वर चालते असं लोक सांगतात, आणि आवाज येतोही. पण ७८ ची खाच कितीतरी रुंद असते. तिला ६५ ते ७५ मायक्रॉन त्रिज्येचं टोक लागतं. एलपीचं बारीक टोक खाचेच्या तळाशी जाऊन भरडत राहतं, तिथे संगीत नसतं, नुसता कचरा असतो. शिवाय लाखेच्या मिश्रणात दगडाची भुकटी असते. ग्रामोफोनची पोलादी सुई एका बाजूत झिजून खाचेच्या आकाराची व्हावी, म्हणून ती मुद्दाम घातलेली. तुमच्या महागड्या सुईला तिच्या वाटेला पाठवू नका. व्हीएमएन९५एसपी ही ७८ साठीची सुई त्याच बॉडीवर बसते. भार मात्र तिच्या डब्यावर दिलेला असेल तो बघून काट्याने पुन्हा लावा, आणि एलपीकडे परतताना पूर्वीचा भार लावायला विसरू नका. तुमच्या टर्नटेबलला ७८ ची गती आहे, ही मोठी सोय. आजकालच्या अनेक टर्नटेबलांना ती नसते. पेटीत बालगंधर्व, हिराबाई बडोदेकर, मास्टर कृष्णराव यांच्या तबकड्या असतील तर एकदा नीट वाजवून कॉम्प्युटरवर उतरवून ठेवा. त्या जड असतात, ठिसूळ असतात, आणि हातातून पडली की तुकडे होतात.

दुसऱ्या कंपन्यांबद्दल थोडक्यात, कारण विचारलंय. ऑर्टोफोनचं २एम रेड चांगलं आणि सहज मिळणारं आहे, आउटपुट ५.५ मिलिव्होल्ट, भार १.८ ग्रॅम. त्याच बॉडीवर २एम ब्लूची सुई बसते. पण रेड म्हणजे पुन्हा साधी एलिप्टिकलच, तेव्हा तुमच्या आत्ताच्या ई वरून तिकडे जाणं ही आडवी उडी ठरेल. नागाओकाचं एमपी-११० मला जुन्या, खरखरत्या रेकॉर्डींसाठी मनापासून आवडतं. गळा भरीव लागतो, चरे फारसे पुढे येत नाहीत. तुमच्याकडे व्हीएम९५ नसतं तर मी कदाचित तेच सुचवलं असतं. ग्राडोची कार्ट्रिजं गोड असतात, पण त्यांना पुरेसं चुंबकीय आवरण नसल्याने काही टर्नटेबलांच्या मोटरजवळ ती गुणगुणतात. शूर कंपनीने २०१८ मध्ये फोनो कार्ट्रिज बनवणंच थांबवलं. जुनं शूर हाती असेल तर जपानच्या जिको कंपनीच्या सुया त्यावर बसतात आणि त्या उत्तम असतात, पण नव्याने त्या वाटेला जाण्यात अर्थ नाही.

सुई विश्वासाच्या विक्रेत्याकडून घ्या. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात रेकॉर्डी जरूर शोधा, मीही शोधतो, पण सुया तिथे घेऊ नका. ‘त्याच मॉडेलला चालणारी’ म्हणून जी स्वस्त सुई मिळते तिच्या टोकावर हिऱ्याचा घास कसा आहे हे डोळ्यांना दिसत नाही. मायक्रोलिनियरच्या नावाखाली साधं गोल टोक विकलेलं मी भिंगाखाली पाहिलंय.

एक तांत्रिक बाब बहुतेक सगळे विसरतात. ऑडिओ-टेक्निकाच्या या कार्ट्रिजांना केबल आणि प्रीअ‍ॅम्प मिळून १०० ते २०० पिकोफॅरड एवढाच कॅपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) हवा असतो. साध्या केबलचा मीटरला शंभरच्या आसपास असतो. टर्नटेबलच्या आतला प्रीअ‍ॅम्प बंद करून तुम्ही अ‍ॅम्प्लिफायरच्या फोनो सॉकेटला जोडलं असेल आणि मध्ये तीन मीटरची केबल टाकली असेल, तर वरचे स्वर आधी टोचतात आणि मग एकदम गळतात. लोक मग म्हणतात ऑडिओ-टेक्निका कर्कश आहे. केबल एक-सव्वा मीटरची करा. आतला प्रीअ‍ॅम्प चालू असेल तर त्याच्या पुढच्या केबलची एवढी चिंता नाही.

राहिला तो हॉल. स्पीकर त्या कपाटावरून खाली उतरवा, सुई बदलण्याआधी. आवाजाचे हादरे कपाटातून सुईत जातात आणि मंद्र स्वरांत एक घुमारा बसतो, तो कुठल्याही कार्ट्रिजने जाणार नाही. आर्म आणि कार्ट्रिज मिळून त्यांचं स्वतःचं एक डोलणं असतं, ते ८ ते १२ हर्ट्झमध्ये असावं. तुमची जोडी साधारण दहाच्या जवळपास येते, म्हणजे ठीक आहे. त्याखाली गेलं की वाकड्या रेकॉर्डी आणि पावलांचे धक्के त्याला हलवतात. एप्रिल-मेमध्ये खिडकीजवळ ठेवलेल्या एलपी वाकतातच, तेव्हा रेकॉर्डींची जागाही आतल्या भिंतीकडे घ्या आणि त्या उभ्याच ठेवा. मुलगा पळताना सुई उडत असेल तर टर्नटेबलसाठी भिंतीला ठोकलेली फळी हा सगळ्यात चांगला उपाय. विटांच्या भिंतीत खिळे बसतात, हलक्या पार्टिशनमध्ये नाही.

खरेदीचा क्रम असा ठेवा. आधी भाराचा काटा आणि प्रोट्रॅक्टर. त्यासोबत नवी हिरवी सुई. बैठक आणि भार नीट करून तिच्यावर दोन-तीन आठवडे ऐका आणि तेवढ्यात वीस-पंचवीस एलपी धुवून काढा. कदाचित तेवढ्यानेच निम्मी तक्रार जाईल. मग लाल सुई आणा, फक्त धुतलेल्या रेकॉर्डींसाठी. ७८ ची सुई सगळ्यात शेवटी, पेटी उघडून किती तबकड्या शाबूत आहेत ते बघितल्यावर. वीस हजारांत हे सगळं बसतं का, ते आधी किमती विचारून बघा. काही उरलं तर चांगल्या आतल्या पिशव्या घ्या, दीडशेच्या दीडशे.